केळशीतून, घरच्या लॅपटॉपवरून सबडोमेन चालवायचं आहे

दप्तरदार (केळशी) · २ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे प्रश्न नीट कळेल.

आमच्या घरी पणजोबांच्या वह्या आहेत, सगळ्या मोडीत. कुठल्या नक्षत्राला पाऊस कधी लागला, विहिरीच्या किती पायऱ्या बुडाल्या, खाडीचं पाणी कोणाच्या आगरात शिरलं, लावणी कधी आटोपली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात माडीवरची कौलं गेली आणि वह्यांची ट्रंक रात्रभर भिजली. सातांपैकी एका वहीचा लगदाच झाला. उरलेल्या सहांपैकी दोन स्कॅन करून झाल्या. १,१४० पानं, एकेक टिफ फाईल साधारण २५ एमबीची, म्हणजे सगळं मिळून २८ जीबीच्या आसपास.

माझं छोटं संकेतस्थळ आहे, ते विकतच्या शेअर्ड होस्टिंगवर चालतं. तिथे जागा १० जीबी. म्हणून ठरवलं की मुख्य साईट आहे तिथेच राहू दे, आणि 'दप्तर' नावाचं सबडोमेन (मुख्य नावाच्या आधी लागणारं उपनाव) काढून ते घरच्या लॅपटॉपवरून चालवायचं. जुना लॅपटॉप पुसून डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, मागितलेली पानं पाठवणारं एनजिनएक्स बसवलं. राऊटरमध्ये ८० आणि ४४३ हे पोर्ट लॅपटॉपकडे वळवले. 'माझा आयपी' सांगणाऱ्या साईटवर जो आकडा दिसला तो डीएनएसमध्ये, म्हणजे कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर ह्या यादीत, सबडोमेनच्या ए रेकॉर्डला (पत्त्याच्या नोंदीला) घातला.

घरातल्या वायफायवर लॅपटॉपचा आतला पत्ता टाकला की पान झकास उघडतं. बाहेरून, म्हणजे मोबाईल डेटावरून, नुसतं गोल फिरत राहतं. तीन रात्री गेल्या. राऊटरच्या पानावर 'वॅन आयपी' म्हणून १०० ने सुरू होणारा कुठलातरी वेगळाच पत्ता दिसतो. ह्यात काही गोम आहे का?

---

सागरगोटा (अलिबाग) · २ मे, रात्री ११:०५

गोम तिथेच आहे. १०० नंतरचा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये आहे ना? मग तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देण्याच्या पद्धतीच्या, मागे आहात. राऊटरची सेटिंगं कितीही बदललीत तरी बाहेरून कोणी आत येणार नाही, कारण अडवणूक तुमच्या घरात नाहीच, ती इंटरनेट देणाऱ्याकडे आहे.

पूर्वी गावात वाण्याकडे एकच फोन असायचा आणि सगळी वाडी तोच नंबर पी.पी. म्हणून द्यायची, आठवतं? तुम्ही दुकानात जाऊन मुंबईला फोन लावू शकत होता, त्यात अडचण नव्हती. पण मुंबईहून फोन आला तर तो कोणासाठी, हे वाण्याला ठाऊक असावं लागे. इथे तुमचा तो 'माझा आयपी' म्हणजे वाण्याचा नंबर, शेकडो घरांचा मिळून एक. तुमचा फोन बाहेर जातो, त्याचं उत्तरही बरोबर परत येतं. न बोलावता आलेला फोन मात्र वाणी ठेवून देतो, कारण तो कोणाला द्यायचा हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. तुमच्या राऊटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे तुम्ही घरातल्यांना देऊन ठेवलेली सूचना. ती वाण्यापर्यंत पोचत नाही.

हे का करावं लागलं तर जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण ४२९ कोटींच्या आसपास. जगभराचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, आणि आशियाच्या वाट्याचा शेवटचा गठ्ठा त्याच एप्रिलमध्ये उघडला गेला. मग २०१२ मध्ये १००.६४ पासूनचे सुमारे ४२ लाख पत्ते खास ह्याच कामासाठी राखून ठेवले.

आणखी एक, आणि हे आज रात्रीच करा: तो ए रेकॉर्ड काढून टाका. तो पत्ता तुमचा नाही. उद्या तो दुसऱ्या कुणाकडे गेला आणि त्याने तिथे काही उघडून ठेवलं, तर तुमच्या नावावर त्याचं दुकान दिसेल.

---

दप्तरदार · २ मे, रात्री ११:३०

१०० नंतर ७८ आहे. पी.पी. नंबरवरून चटकन लक्षात आलं, आमचा नंबर खरंच शेजारच्या वखारीतला होता. रेकॉर्ड काढला. आता वाट काय?

---

देवबाग_खाडी (मालवण) · ३ मे, सकाळी ७:४०

माझा पण अगदी असाच झाला हुता. माका महिनो लागलो समजूक.

वाटा चार. पहिली, इंटरनेटवाल्याकडे स्टॅटिक आयपी मागायचा, महिन्याला वेगळे पैसे. दुसरी, आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. त्यात पत्त्यांचा तुटवडा नाही, प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता मिळतो, फक्त राऊटरची भिंत त्या पत्त्यापुरती उघडावी लागते. पण ज्याच्याकडे आयपीव्ही६ नाही त्याला तुमची साईट दिसणारच नाही. माझे मामा गोव्यात ज्या कचेरीत काम करतात तिथे नव्हतं, त्यांना कधीच दिसली नाही. तिसरी, क्लाऊडफ्लेअरचा टनेल. तुमच्या लॅपटॉपवरचा एक प्रोग्रॅम स्वतःहून बाहेर फोन लावतो आणि लाईन धरून ठेवतो, येणारे पाहुणे त्याच लाईनवरून आत येतात. पोर्ट उघडायचा नाही, सीजीनॅटची अडचण नाही, आणि फुकट आहे. चौथी, तेच काम स्वतःच्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरवरून करायचं.

मी तिसरी घेतली, एका संध्याकाळी काम झालं. फक्त एक ध्यानात ठेवा. त्यासाठी अख्ख्या डोमेनचं डीएनएस त्यांच्याकडे न्यावं लागतं, एकट्या सबडोमेनचं फुकटात होत नाही. मी नेलं, आणि मेलचे एमएक्स रेकॉर्ड आपोआप आले असतील असं गृहीत धरलं. आले नव्हते. चार दिवस होमस्टेच्या बुकिंगच्या मेल आल्याच नाहीत, त्या ऐन मे महिन्यात. नेमसर्व्हर बदलण्याआधी जुने सगळे रेकॉर्ड कागदावर उतरवा, आणि एकेक ताडून बघा.

---

वाडीतला_वायरमन (राजापूर) · ३ मे, दुपारी २:१५

मी फायबर ओढतो, गेली आठ वर्षं. सॉफ्टवेअरचं वरच्यांनी सांगितलंय, मी तारेचं सांगतो.

कोकणात साईट बंद पडली तर दहातले नऊ वेळा कारण लॅपटॉपच्या बाहेर असतं. तुमच्या घरचा ओएनटी (फायबर जिथे येऊन लागते तो डबा), मग विजेच्या खांबांवरून आलेली केबल, मग नाक्यावरची मशीन, मग तालुक्याची लाईन. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे, पण नाक्यावरच्या मशीनची बॅटरी तीन तासांत उतरली तर तुमचा इन्व्हर्टर काय करणार? जो केबल देतो त्याला विचारून ठेवा, लाईट गेल्यावर त्याच्याकडची मशीन किती तास चालते.

ओएनटीच्या पानावर 'आरएक्स पॉवर' असा आकडा असतो, उणे चिन्हाचा. उणे १८, उणे २२ वगैरे असेल तर उत्तम. उणे २७ च्या खाली उतरला की लाईन पडायला लागते, लाल दिवा लुकलुकतो. आत्ता मे महिन्यात तो आकडा लिहून ठेवा. पावसात झावळी पडून केबल कुठे दबली, जोडणीत पाणी शिरलं, की आकडा आधी घसरतो आणि लाईन मग तुटते. दोन-तीन डीबी घसरला की माणसाला बोलवा, तुटायची वाट बघू नका. हिरव्या टोपीच्या कनेक्टरचं टोक बोटाने पुसायचं नाही, फुंकर मारायची नाही. आपल्या हवेत मीठ आहे, बोटाला तेल आहे, त्याने काच कायमची धुरकटते.

आणि वीज. काचेतून वीज येत नाही हे खरं, पण खांबावरून येणाऱ्या केबलला बहुतेक ठिकाणी आधाराची पोलादी तार असते. ती तार घराबाहेर खुंटीला बांधून तिथेच सोडायची, नुसती काच आत घ्यायची. मी पाहिलेले निम्मे जळके ओएनटी ती तार खोलीत ओढल्यामुळे गेलेले.

---

सागरगोटा · ३ मे, रात्री ९:५०

वायरमनदादांचं शेवटचं वाक्य दोनदा वाचा सगळ्यांनी.

दप्तरदार, टनेलबद्दल एक सांगायचंय. त्यात तुमच्या साईटचं कुलूप, म्हणजे पाहुण्याला दिसणारं सर्टिफिकेट, त्या कंपनीच्या दारात उघडतं. मधली वाहतूक त्यांना वाचता येते. सार्वजनिक वह्यांसाठी त्याने काही बिघडत नाही. पण सबडोमेनवर पुढे कधी घरातल्यांसाठी लॉगिन वगैरे ठेवणार असाल तर मला ते पटत नाही.

तुमच्याजागी मी असते तर चौथी वाट घेतली असती. सगळ्यात लहान भाड्याचा सर्व्हर घ्यायचा. त्याच्यावर आणि लॅपटॉपवर वायरगार्ड, म्हणजे दोन यंत्रांमध्ये कुलूपबंद बोगदा काढणारा प्रोग्रॅम. २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे, डेबियनवर मिनिटभरात बसतं. लॅपटॉप त्या सर्व्हरला फोन लावतो. 'पर्सिस्टंट कीपअलाईव्ह' ची किंमत २५ ठेवायची, म्हणजे दर २५ सेकंदांनी एक हाक जाते आणि सीजीनॅट ती वाट विसरत नाही. सर्व्हरवरच्या एनजिनएक्सने ४४३ वर आलेलं जसंच्या तसं, न उघडता, बोगद्यातून लॅपटॉपकडे ढकलायचं. त्यासाठी स्ट्रीम मॉड्यूल लागतं, डेबियनमध्ये ते वेगळं बसवावं लागतं. सर्टिफिकेट आणि त्याची किल्ली तुमच्या केळशीच्या लॅपटॉपवरच राहते. डीएनएसमध्ये फक्त 'दप्तर' चा ए रेकॉर्ड त्या सर्व्हरकडे. मुख्य साईट, मेल, कशालाही हात लागत नाही.

---

जांभा_चिरा (पुणे, मूळ लांजा) · ४ मे, सकाळी १०:३०

एक मूळ प्रश्न विचारतो, राग मानू नका. टिफ फाईल ब्राऊझरमध्ये बहुतेकांना दिसतच नाही. दाखवायला तुम्ही लहान प्रत करणारच. एका पानाची बऱ्यापैकी वाचनीय वेबपी साधारण ४०० केबीत बसते. १,१४० पानं म्हणजे साडेचारशे एमबी. ती तर तुमच्या १० जीबीत सहज मावतात. मग घरचा सर्व्हर हवा कशाला?

---

दप्तरदार · ४ मे, रात्री ८:४५

राग कसला, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. दिवसभर तोच डोक्यात आहे.

लहान प्रत मला वाचायला पुरते. पण मोडी ज्यांना खरंच येते ते काय करतात हे मी पाहिलंय. दापोलीच्या एका निवृत्त गुरुजींना मी पान दाखवलं तर त्यांनी आधी ते मोठं करायला सांगितलं. मोडीत लेखणी उचलत नाहीत, अक्षराला अक्षर जोडलेलं. कुठे शाई जाड झाली, कुठे लेखणी अडखळली, ह्यावरून ते अक्षर ठरवतात. लहान प्रतीत ते सगळं पुसून जातं. त्यात भिजलेल्या पानांवर डाग आहेत, डाग कुठला आणि रेघ कुठली हे फक्त मूळ टिफमध्ये कळतं. म्हणून मूळ पान लोकांना उतरवून (डाऊनलोड करून) घेता यायला हवं. आणि अजून चार वह्या बाकी आहेत.

दुसरं कारण मनातलं आहे. त्या वह्या ह्या घरात लिहिल्या गेल्या. त्या विहिरीच्या पायऱ्या माझ्या खिडकीतून दिसतात. त्या इथूनच लोकांना दिसाव्यात असं मला फार वाटतं.

---

जांभा_चिरा · ४ मे, रात्री ९:२०

मग तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत. लहान प्रती, अनुक्रमणिका, तुमचं लिखाण सगळं विकतच्या होस्टिंगवर. प्रत्येक पानाखाली 'मूळ पान उतरवा' ही कडी (लिंक), आणि ती तेवढी दप्तर सबडोमेनची. लाईट गेली तर साईट उभी राहते, फक्त ती कडी त्या वेळेपुरती मिटते. केळशीत जुलैमध्ये यंत्र बंद पडणार हे धरूनच चाला, आणि जे काही तास नसलं तरी चालेल तेवढंच घरी ठेवा.

तुमचा अपलोडचा वेग किती? ५० एमबीपीएस असेल तर २५ एमबीचं पान चार सेकंदांत जाईल. १० असेल तर वीस. दोन्ही चालण्यासारखे आहेत.

---

दप्तरदार · ४ मे, रात्री ९:४०

अपलोड ४० येतो. हे पटलं, पूर्ण पटलं. ह्याच पद्धतीने करतो. सागरगोटाताईंची चौथी वाट घेतोय.

---

आगरातली (गुहागर) · ५ मे, दुपारी ४:००

मध्येच विचारते. सबडोमेनचं नाव देवनागरीत ठेवता येतं का? 'दप्तर' असं लिहिलेलंच किती छान दिसेल.

---

सागरगोटा · ५ मे, संध्याकाळी ६:१०

येतं. डोमेन तुमचं असलं की पुढचा शब्द कुठलाही लावा. आत डीएनएसमध्ये तो 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात जातो, ब्राऊझर तो परत देवनागरीत दाखवतो. अख्खं नावच मराठीत हवं तर .भारत २०१४ पासून मिळतं. अडचण एवढीच की काही ॲपमध्ये असा पत्ता पेस्ट केला की त्याची कडी होत नाही, किंवा तो सांकेतिक गिचमिड दिसतो. मी दोन्ही ठेवते, रोमन नाव मुख्य आणि देवनागरी त्याच्याकडे वळवलेलं.

---

दप्तरदार · ९ मे, रात्री ११:५५

सर्व्हर घेतला, वायरगार्ड जोडलं, पहिल्या झटक्यात दोन्हीकडून हाक पोचली. लेट्स एनक्रिप्टचं सर्टिफिकेटही मिळालं. पण एक विचित्र होतंय. मोबाईल डेटावरून साधं पान लगेच उघडतं, आणि २५ एमबीचं पान उतरवायला घेतलं की काही केबी येऊन अडकतं. घरातल्या घरात तीच फाईल सुसाट जाते. डोकं चालत नाही.

---

देवबाग_खाडी · १० मे, सकाळी ६:५०

एमटीयू, म्हणजे एका पुडक्याचा कमाल आकार! लहान पुडकी जातात, मोठी अडकतात, हे त्याचंच लक्षण. वायरगार्ड आपल्या पुड्याला वर आणखी एक वेष्टण घालतं, आणि इंटरनेटवालाही आपलं वेष्टण घालत असतो. पुडकं वाटेतल्या दारापेक्षा मोठं झालं की ते गुपचूप टाकून दिलं जातं. वायरगार्ड १४२० धरून चालतं. दोन्ही टोकांना १३६० करा आणि बघा. दोन्ही टोकांना, एकाच नाही.

---

दप्तरदार · १० मे, सकाळी ७:३०

१३६० केलं. पान पाच सेकंदांत उतरलं. चार तास झोप काढून उठलो होतो, आता जाऊन बायकोलाही उठवलं बघायला.

---

दप्तरदार · ११ मे, रात्री ९:१५

आज एनजिनएक्सची नोंदवही उघडली आणि जरा धसकाच बसला. सबडोमेनचा पत्ता मी अजून एकाही माणसाला दिलेला नाही. तरी सर्टिफिकेट मिळाल्यापासून काही मिनिटांतच कुणीतरी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागतंय, कुणी '.एन्व्ह' नावाची फाईल मागतंय, कुणी डेटाबेसचं पान. दोन दिवसांत सातशेवर ओळी. ह्यांना कळलं कसं?

---

सागरगोटा · ११ मे, रात्री ९:४०

सर्टिफिकेटमुळेच. जगभरातलं प्रत्येक नवं सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत चढतं, ते कोणी चोरून काढू नये म्हणून. ती वही कोणालाही वाचता येते, आणि हे यांत्रिक भुरटे ती अखंड वाचत असतात. नवं नाव आलं की लगेच दार वाजवून बघतात. हे तुमच्या एकट्याच्या मागे लागलेले नाहीत.

घाबरू नका, पण ह्या गोष्टी एकदा करून टाका. तुमच्याकडे नुसत्या फाईली आहेत, पीएचपी नाही, डेटाबेस नाही, त्यामुळे फोडण्यासारखं जवळजवळ काही नाही. तसंच राहू द्या. लॅपटॉपवर एसएसएच (दुरून यंत्रात शिरायची वाट) फक्त वायरगार्डच्या आतून, पासवर्डने प्रवेश बंद, फक्त किल्लीने. भाड्याच्या सर्व्हरवरही पासवर्ड बंद. तो तर चोवीस तास चव्हाट्यावर आहे, सगळ्यात आधी तोच. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील असं दोन्हीकडे करा. लॅपटॉप घरातल्या पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायवर जोडा, म्हणजे तो हातचा गेला तरी तिथून तुमच्या बाकीच्या फोन-कॉम्प्युटरपर्यंत कुणाला जाता येऊ नये. राऊटरमध्ये सुरुवातीला काही खटपट करताना 'डीएमझेड' चालू केला असेल तर तो आत्ता बंद करा, त्याने एका यंत्राची सगळी दारं सताड उघडतात. आणि ते आधी वळवलेले दोन पोर्टही काढून टाका, आता त्यांची गरजच नाही.

मुख्य साईट वर्डप्रेसची असेल तर तिच्या कुकी अख्ख्या डोमेनसाठी नाहीत ना, तेवढं बघा. तशा असतील तर त्या सबडोमेनकडेही जातात.

अजून एक. पाहुण्यांच्या नोंदीत सगळ्यांचा पत्ता तुमच्या भाड्याच्या सर्व्हरचाच दिसत असेल. खरा पत्ता हवा तर दोन्ही टोकांच्या एनजिनएक्समध्ये प्रॉक्सी प्रोटोकॉल चालू करा. एकाच टोकाला केलंत तर साईट बंद पडेल.

---

दप्तरदार · १२ मे, रात्री १०:३०

सगळं केलं. डीएमझेड खरंच चालू होता, पहिल्याच रात्री मी केला होता. बरं झालं सांगितलंत. मुख्य साईट वर्डप्रेस नाही, कुकीचं काही नाही.

आता यंत्राचं विचारतो. लॅपटॉप दिवसरात्र चालू ठेवायचा की रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर घ्यावा? विजेचं बिल, खारी हवा, दोन्ही बाजूंनी सांगा.

---

वाडीतला_वायरमन · १३ मे, दुपारी १:५०

बिलाचं सोपं आहे. तुमचा लॅपटॉप पडदा मिटून १२ वॉट घेत असेल तर महिन्याला साडेआठ-नऊ युनिट. पाय त्याच्या निम्म्यावर. जुना डेस्कटॉप असता ७० वॉटचा तर ५० युनिट झाले असते. तेव्हा बिलाकडे बघून ठरवू नका.

खरा फरक लाईट आल्यानंतरचा आहे. लॅपटॉपला पोटात बॅटरी आहे, लाईट गेली तरी तास-दीड तास तगतो, हे चांगलं. पण एकदा बॅटरी उतरून बंद झाला की लाईट आल्यावर बहुतेक लॅपटॉप आपणहून सुरू होत नाहीत, कोणीतरी बटण दाबावं लागतं. पाय लाईट आली की आपोआप उठतो. पण त्याला बॅटरी नाही, लाईट फटकन गेली की मेमरी कार्ड खराब होतं. कार्डाऐवजी एसएसडी लावा आणि छोटा यूपीएस द्या, मग पाय चांगला. तुम्ही घरात असता तर लॅपटॉपच ठेवा.

लॅपटॉप ठेवलात तर दोन गोष्टी. झाकण मिटल्यावर झोपू नये, ही सेटिंग करावी लागते. आणि सदानकदा पूर्ण चार्ज राहिली की बॅटरी फुगते, आपल्या उकाड्यात लवकर. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर करा. दर महिन्याला लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवून बघायचा, तळ डुगडुगायला लागला तर बॅटरी फुगलीय, त्याच दिवशी काढा.

ओएनटी आणि राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्याच.

---

आगरातली · १३ मे, संध्याकाळी ५:२०

खाऱ्या हवेबद्दल मी सांगते. आमचं घर समुद्रापासून शंभर पावलांवर. खिडकीजवळचा कॉम्प्युटर दोन वर्षांत गेला, आतल्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. दुसरा आम्ही मधल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी ठेवलाय, चौथं वर्ष चाललंय. जांभ्याच्या जाड भिंतींमध्ये हवा स्थिर राहते आणि उन्हाळ्यातही गार असते. बंद डब्यात किंवा पत्र्याच्या पेटीत मात्र नको, आत दमट होऊन अजून वाईट. कायम चालू यंत्राची स्वतःची ऊब असते, ती ओल धरू देत नाही. पावसात महिनाभर बंद राहिलेलं यंत्र जास्त लवकर जातं.

आणि मुंग्या. ऊब मिळाली की राऊटरमध्ये अंडी घालतात. फडताळाच्या पायांखाली ठेवतो तशा पाण्याच्या वाट्या टेबलाच्या पायांखाली ठेवल्या, तेव्हापासून नाहीत.

---

देवबाग_खाडी · १३ मे, रात्री ८:०५

अर्थिंग तपासून घ्या. कातळावर घर असेल तर अर्थिंग नावालाच असतं, कोरड्या जांभ्यातून वीज उतरत नाही. आमच्याकडे नवीन खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरलं, उन्हाळ्यात त्यात पाणी ओततो. त्याच्याशिवाय तो महागडा स्पाईक गार्ड लावून काही उपयोग नाही, त्याने जास्तीची वीज उतरवायची कुठे? आणि वळवाच्या वेळी गडगडायला लागलं की सरळ प्लग काढा. लॅपटॉप आणि राऊटर बॅटरीवर चालतील, तेवढ्यात पाऊस जातो.

---

जांभा_चिरा · १४ मे, सकाळी ९:००

आणि प्रत. मूळ टिफची एक प्रत केळशीबाहेर. एकाच घरात तीन डिस्क म्हणजे एकच प्रत, निसर्गच्या रात्री तुम्ही ते बघितलंय.

---

दप्तरदार · १४ मे, रात्री ९:३५

बघितलंय. बहीण डोंबिवलीला असते, परवा आंब्याच्या पेटीबरोबर एक डिस्क तिच्याकडे जातेय. दर चार महिन्यांनी ती येते तेव्हा अदलाबदल करू.

---

दप्तरदार · ८ जून, रात्री १०:४०

महिन्याभराचा हिशेब द्यायचा राहिला होता.

दप्तर चालू आहे. दोन्ही वह्यांच्या लहान प्रती होस्टिंगवर, मूळ पानं केळशीतून. लॅपटॉप देवघरामागच्या खोलीत, वायरमनदादांनी सांगितल्याप्रमाणे पोलादी तार ओटीच्या बाहेर सोडली. आरएक्स पॉवर मे महिन्यात उणे २१ होता. तो रोज सकाळी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहितो. १ तारखेच्या पावसात उणे २४ झाला. माणसाला बोलावलं, बंदराकडच्या वळणावर झावळी केबलवर आडवी पडलेली सापडली. काढल्यावर परत उणे २१.

लाईट सात वेळा गेली. त्यात पाच वेळा काहीच बंद पडलं नाही. दोन वेळा नाक्यावरची मशीन आधी गेली, एकदा तीन तास, एकदा पूर्ण रात्र. त्या रात्री मूळ पानांच्या कड्या बंद होत्या, साईट चालू होती. बाहेरच्या एका फुकट सेवेने फोनवर निरोप दिला की दप्तर उत्तर देत नाही, आणि पहाटे परत निरोप आला की देतंय. मी काही केलं नव्हतं, वायरगार्ड आपणहून जोडलं गेलं.

सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. नूतनीकरण आपोआप होतंय का, ह्याची कोरडी चाचणी घेऊन पाहिली, होतंय.

---

लेखणीबोरू (सातारा) · ११ जून, रात्री ९:१०

पहिल्यांदाच लिहिते आहे. मोडी वाचते, तुमच्या धाग्यावरून साईटवर पोचले. पहिल्या वहीचं पान २१२ पाहिलं. खाली तुम्ही 'आर्द्रा, सात पायऱ्या' असं लिहिलंय. लहान प्रतीत मलाही आधी तसंच वाटलं. मूळ पान उतरवून मोठं करून पाहिलं, तो शब्द 'आश्लेषा' आहे. ओल्या डागाखाली शेवटची दोन अक्षरं अगदी फिकट दिसतात. महिन्याचाच फरक पडतो, म्हणून कळवते. जूनअखेर सात पायऱ्या बुडणं आणि ऑगस्टात बुडणं, दोन्ही फार वेगळं.

---

दप्तरदार · ११ जून, रात्री १०:०५

ताई, मी उठून मूळ वही काढली आणि कंदिलाशी धरून पाहिली. आश्लेषाच आहे. आठ वाजल्यापासून इथे लाईट नाही, तुम्ही ते पान उतरवलंत तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर होता.

दुरुस्ती केली. २१३ आणि २१४ सुद्धा बघाल का? दोन्हीकडे एकच नक्षत्र लिहिल्यासारखं दिसतंय, आणि पायऱ्या मात्र एकीकडे नऊ, दुसरीकडे चार.